भीड भिकेची बहीण

दिवाळी जवळ आली की घाटकोपर-मुलुंडच्या पेढ्यांतून चोपडापूजनाची तयारी सुरू होते. नव्या वह्यांवर कुंकवाचे स्वस्तिक उमटण्यापूर्वी जुने येणेदेणे पाहिले जाते. व्यापारी माणसाला आपले येणे मागताना लाज वाटत नाही. लाज वाटते ती आपल्याला, पगारावर वाढलेल्या पांढरपेशा मंडळींना! महिना भरला की पगार न मागता हाती पडतो. त्यामुळे पैसे मागण्याची विद्या आपल्या घरांत कोणी कोणाला शिकवलीच नाही.

पण आता आपल्याच घरांतली मुले नोकरीची वाट सोडून स्वतंत्रपणे कामे घेऊ लागली आहेत. कोणी संकेतस्थळे तयार करते, कोणी चित्रे काढते, कोणी भाषांतरे करते. बोरिवलीच्या दोन खोल्यांत, जेवणाच्या टेबलावर संगणक मांडून रात्री दोन-दोन वाजेपर्यंत त्यांचे काम चालते. काम वेळेवर होते. पैसे मात्र वेळेवर येत नाहीत. माझ्या एका माजी विद्यार्थिनीने एका शिकवणीवर्गाचे संकेतस्थळ तीन आठवड्यांत उभे करून दिले. वर्ग भरले, फिया जमा झाल्या, आणि हिचे खेटे मात्र चार महिने चालूच! दर वेळी उत्तर एकच, "पुढच्या आठवड्यात बघू." संगणकाचा हप्ता काही पुढच्या आठवड्याची वाट पाहत नव्हता. गरज सरो, वैद्य मरो, दुसरे काय! आणि घरी आई सांगत होती, "सारखा फोन करू नकोस ग, बरं दिसत नाही."

आपली भाषासुद्धा या संकोचाला हातभार लावते. 'मजुरी' म्हटली की ती संध्याकाळी चुकती करायची. 'मानधन' म्हटले की मान आधी आणि धन सवडीने! अंधेरी स्टेशनला रिक्षातून उतरताना "पुढच्या महिन्यात देतो" असे म्हणण्याची आपली छाती होत नाही. बुद्धीच्या कामाला मात्र मीटर नसतो.

जुन्या गावगाड्यात सुतार-लोहार वर्षभर राबत आणि सुगीला खळ्यावर धान्याच्या रूपाने बलुते घेत. त्या व्यवस्थेतली जातीची बेडी तुटली हे उत्तमच झाले. पण बलुत्याला निदान सुगीचा दिवस तरी होता. आजच्या या नव्या कारागिराजवळ तोही नसतो, कारण तो काम सुरू होण्यापूर्वी ठरवलेलाच नसतो. खरी गोम येथे आहे. काम झाल्यावर मागितलेले पैसे याचनेसारखे वाटतात; आधी ठरलेल्या तारखेला मागितले तर तो साधा व्यवहार होतो.

म्हणून चार ओळींचा का होईना, करार लेखी हवा. एकतृतीयांश रक्कम काम हाती घेताना, एकतृतीयांश आराखडा पसंत पडल्यावर आणि उरलेली संकेतस्थळ सर्वांसाठी खुले करण्यापूर्वी. दुरुस्त्या किती वेळा करून मिळतील तेही लिहावे, नाहीतर "एवढा रंग बदला" म्हणता म्हणता वर्ष सरते. डोमेन आणि होस्टिंगचे पैसे गिऱ्हाईकाने परस्पर आणि स्वतःच्या नावे भरावेत. बिलावर तारीख असावी आणि ती उलटली की दुसऱ्याच दिवशी नम्र स्मरणपत्र जावे.

कायदाही पाठीशी आहे. सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योगांच्या २००६ च्या कायद्याप्रमाणे, नोंदणी केलेल्या सूक्ष्म वा लघु उद्योगाचे पैसे लेखी ठरलेल्या मुदतीत द्यावे लागतात, आणि ही मुदत काम स्वीकारल्यापासून ४५ दिवसांपलीकडे जाऊ शकत नाही. लेखी काही ठरले नसेल तर १५ दिवस. काम हाती पडल्यापासून १५ दिवसांत लेखी हरकत घेतली नाही, तर ते त्याच दिवशी स्वीकारले असे धरतात. त्यापुढच्या उशिराला रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट, तेही दरमहा चक्रवाढीने व्याज! तंटा झाल्यास राज्याच्या सुविधा परिषदेकडे दाद मागता येते. घरच्या टेबलावर एकट्याने चालवलेला व्यवसायही यात बसतो. त्यासाठी २०२० पासून 'उद्यम' नोंदणी आहे. तिला शुल्क नाही. मात्र ती काम घेण्यापूर्वीच करून ठेवावी, तहान लागल्यावर विहीर खणू नये.

अर्थात परिषदेची पायरी चढण्याची वेळ न आलेलीच बरी. ते पुष्कळसे आपल्याच हाती आहे; कारण पैसे थकवणारे कोणी परके नसतात. दवाखाना, शिकवणीवर्ग, मिठाईचे दुकान चालवणारी आपल्यातलीच ही सज्जन माणसे. लक्ष्मीपूजनाच्या आधी त्यांनी आपला खण एकदा उघडून पाहावा. एखाद्या मुलाचे बिल तळाशी पडले असेल, तर ते आजच चुकते करावे. आणि आयांनो, तुमची लेक येणे मागण्यासाठी फोन उचलील, तेव्हा तिला अडवू नका. भीड ही भिकेची बहीण आहे, हे आपल्याच आजीने सांगून ठेवले आहे.