शेजाऱ्यासाठी राखून ठेवलेला जुगार

गेल्या पावसाळ्यानंतरच्या एका शनिवारी पहाटे पालीहून एक बस भरून आम्ही गोव्यास निघालो. एका तरुण मित्राचा विवाह पणजीत होता. वर पालीचा, वधू पुण्याची. गोव्याशी दोन्ही घराण्यांचा काडीचाही संबंध नाही. परंतु हल्ली विवाह माणसे राहतात तेथे होत नाहीत, छायाचित्रे चांगली निघतात तेथे होतात. निमंत्रणपत्रिकेत हळद, मुहूर्त आणि भोजन यांच्या जोडीला शनिवारी रात्री ‘मांडवीतील जहाजावर करमणूक’ असाही एक विधी नोंदलेला होता. कुलदेवतेच्या नावाखाली जुगाराच्या अड्ड्याचे निमंत्रण छापले जावे आणि त्याचे कोणासही वैषम्य वाटू नये, ही गोष्ट क्षुल्लक नाही.

लांजा, राजापूर मागे टाकून बांद्याच्या पुढे पत्रादेवीला गोव्याची हद्द लागते. १५ ऑगस्ट १९५५ रोजी या सीमेवर निःशस्त्र सत्याग्रहींवर पोर्तुगीजांनी गोळ्या झाडल्या. दूर पंजाबातून आलेला कर्नैलसिंग येथे हुतात्मा झाला. त्याच वर्षीच्या मे महिन्यात नानासाहेब गोरे आणि सेनापती बापट सत्याग्रहींसह गोव्यात शिरले होते. त्याआधी १८ जून १९४६ रोजी डॉ. लोहियांनी मडगावात सभाबंदी मोडून या लढ्याची ठिणगी टाकली होती. आमच्या बसमध्ये गाणी चालू होती. हुतात्म्यांचे स्मारक केव्हा मागे पडले, हे कोणाच्या ध्यानातही आले नाही.

रात्री मांडवीच्या काठावरून होडीने आम्हांस जहाजावर नेण्यात आले. आत घड्याळ नाही, खिडकी नाही, खाणेपिणे प्रवेशमूल्यातच. वराचा चुलतभाऊ पाली नाक्यावर रिक्षा चालवितो. प्रथम तो गंमत म्हणून बसला, नंतर गेलेले परत मिळविण्यासाठी बसला. पहाटे तो उठला तेव्हा रिक्षाच्या कर्जाचे तीन हप्ते त्या टेबलावर राहिले होते. “काका, घरात काय सांगू?” एवढेच तो मला म्हणाला. मजजवळ उत्तर नव्हते.

हे त्याच्या दुर्दैवाने घडले, असे कोणी समजू नये. एक शून्य असलेल्या चक्रावर ३७ घरे असतात. तुमचा आकडा लागला तर लावलेला रुपया धरून ३६ रुपये हाती येतात. म्हणजे ३७ रुपयांतला एक रुपया सरासरीने मालकाचा, आणि तो प्रत्येक फेरीला. खेळणारा जितका अधिक वेळ बसेल तितके त्याचे हरणे अधिक निश्चित होत जाते. घड्याळ काढून टाकण्याचे आणि जेवण ‘फुकट’ देण्याचे रहस्य ते हेच. नशिबाचा खेळ तो गिऱ्हाइकापुरता. मालकाचा तो रोकडा हिशेब आहे.

या हिशेबात शासन पंच नाही, भागीदार आहे. जुगार रोखण्यासाठी केलेल्या गोव्याच्या १९७६ च्या कायद्यालाच १९९२ व १९९६ साली दुरुस्त्या करून भोके पाडण्यात आली: पंचतारांकित हॉटेलांत यंत्रे आली, आणि किनाऱ्यापासून दूरच्या जहाजांवर टेबले मांडण्याची मुभा मिळाली. ‘किनाऱ्यापासून दूर’ म्हणजे पणजी शहरासमोर नदीच्या पात्रात, असा अर्थ पुढे व्यवहारात रूढ झाला! ही जहाजे हटविण्याची भाषा विरोधात बसलेल्यांनी करावी आणि सत्तेवर येताच त्यांनीच मुदतवाढी द्याव्यात, हा क्रम गोमंतकीयांना पाठ झाला आहे. केंद्राचा वस्तू व सेवा कर ऑक्टोबर २०२३ पासून चिपांसाठी मोजलेल्या पूर्ण रकमेवर २८ टक्के झाला, तो सप्टेंबर २०२५ मध्ये ४० टक्क्यांवर गेला. खेळणारा जिंको वा हरो, सरकारचा वाटा डाव मांडण्यापूर्वीच वसूल होतो.

सर्वांत उद्बोधक गोष्ट पुढेच आहे. १ फेब्रुवारी २०२० पासून स्थानिक गोमंतकीयांना या जुगारात प्रवेशबंदी करण्यात आली. कारण उघड आहे: घरे उद्ध्वस्त होतात. मग ही घरे केवळ सीमेच्या दक्षिणेलाच असतात काय? पालीतले, कुडाळातले, बेळगावातले घर हे घर नव्हे? जे विष आपल्या मुलांना वर्ज्य, ते शेजाऱ्याच्या मुलांना परवाना देऊन विकणे, याला पर्यटनविकास म्हणतात!

रोजगाराचे काय, असे विचारले जाते. त्या टेबलावर पत्ते वाटणारी मुलगी कुडाळकडची निघाली. पदवीधर आहे; रात्रभर उभी राहते. आपल्या शेजारच्या तालुक्यातून आलेल्यांचे खिसे रिकामे करण्याचे काम तिच्या हाती यावे, हा रोजगार नव्हे. कोकणात रोजगार नसल्याचा तो पुरावा आहे. महामार्गाचे जे चौपदरीकरण २०११ साली सुरू झाले तेही अजून जेथे पुरे झालेले नाही, तेथल्या तरुणाने दुसरे करावे तरी काय?

आपणही मोठ्या आवाजात बोलावे अशी आपली स्थिती नाही. आणीबाणीत, १९७६ साली, महाराष्ट्रानेही कॅसिनोचा कायदा करून ठेवला. तो कधीच अमलात आला नाही आणि २०२३ साली रद्द झाला. ते योग्यच झाले. पण राज्य लॉटरी १९६९ पासून शासनच चालवीत आले. आणि १८८७ च्या कायद्याने मटक्याचा आकडा लिहिणारा फाटका माणूस पकडला जातो, तर त्याच धंद्याला रोषणाई केली की मंत्री पाहुणे होतात. गरिबाचा जुगार गुन्हा आणि श्रीमंताचा जुगार उद्योग, हा वर्गन्याय आहे.

आमची मागणी स्पष्ट आहे. गोमंतकीयांना लागू असलेली बंदी सर्वांना लागू करावी, म्हणजेच मांडवीतील परवाने रद्द करावेत. तेथे काम करणाऱ्यांना पर्यायी काम देण्याचे दायित्व ज्यांनी परवान्यांचे शुल्क खाल्ले त्या शासनाने उचलावे. आणि समाजवादी म्हणविणाऱ्या आपण सर्वांनी, निमंत्रणपत्रिकेत असा ‘विधी’ दिसला तर वराला स्नेहाने पण स्पष्ट सांगावे की लग्नाला येईन, जहाजावर येणार नाही. मी हे आधी सांगितले नाही. सोमवारी सकाळी पाली नाक्यावर ती रिक्षा उभी होती. तिच्यासमोरून जाताना मला मान वर करता आली नाही.