सॉफ्टवेअर बदलायचं की जुनंच चालवायचं?

शहादा असो की नंदुरबार, सीएनसी राउटरवर दरवाजे-देव्हारे कोरायचा धंदा करायचा तर हा प्रश्न येणारच. ऑटोडेस्कने आर्टकॅम २०१८ मध्येच बंद केलं, तरी जुन्या कॉम्प्युटरवर ते अजून चालतं.

माझं मत सरळ आहे. सॉफ्टवेअर जुनं झालं म्हणून बदलू नका. काम अडत असेल तर बदला. फक्त एक विचारा: हा कॉम्प्युटर उद्या बसला, तर लायसन्स दुसऱ्यावर चालू होईल का? नसेल, तर तयारी आजपासून करा. क्रॅक कॉपीवर मात्र धंदा उभा करूच नका.

कार्वेको आर्टकॅमच्याच कोडवर बनलंय, त्यामुळे बसलेला हात वाया जात नाही. व्हेक्ट्रिक अस्पायरचं लायसन्स एकदाच घ्यावं लागतं, पण कारागिराला नव्याने शिकवावं लागतं. शिकण्यात मशीन जेवढे दिवस बंद राहील, तेही किमतीत धरा.

पैसे भरण्याआधी ट्रायल घ्या. आपल्या कंट्रोलरचा पोस्ट प्रोसेसर त्यात आहे का बघा, नमुन्याचा जॉब टाकाऊ एमडीएफवर चालवा. आणि बदल पावसाळ्यात करा, बांधकामं थंड असताना. दिवाळीच्या ऑर्डरी हातात असताना नाही.