भिंतीला पाणी कोण पाजते?



देवरीसारख्या गावात आता एसी ही केवळ महामार्गावरच्या दुकानांची चैन राहिलेली नाही. नवतपा सोसवत नाही, म्हणून घरात म्हातारे माणूस किंवा बाळंतीण असली की तो घेतला जातो. मिस्त्री येतो, पाण्याची नळी भिंतीबाहेर लोंबती सोडतो आणि जातो. त्या कोरड्या झळांत नळीतून जेमतेम टिपूस गळते. काम चोख झाले असे वाटते.

खरी परीक्षा मृग लागल्यावर होते. हवा दमट झाली, कूलर निकामी ठरला, की एसी रात्रभर चालतो. थंड पाण्याच्या तांब्याला बाहेरून घाम फुटतो, तसाच तो यंत्रातल्या गार नळ्यांना फुटतो. विलिस कॅरियरने १९०२ साली ब्रुकलिनच्या छापखान्यासाठी ही योजना केली, तीच मुळी कागद सर्दावू नये म्हणून, हवेतला ओलावा काढण्यासाठी! एक टनी एसी दमट दिवसांत तासाला लिटरभर पाणी सहज टाकतो. म्हणजे रोज रात्री भिंतीच्या एकाच जागी घागर उपडी केल्यासारखे झाले.

मातीची भिंत हे फार दिवस सोसत नाही. पाया भुसभुशीत होतो, लिंपण सुटते, वाळवी चौकटीला लागते. विटांच्या भिंतीला लोणा धरतो. आतून टेकून ठेवलेले धानाचे कट्टे बुरसतात. त्याच भिंतीवर विजेचा बोर्ड असेल तर जिवाशी गाठ. आणि आपण बोल लावतो पावसाला, कवेलूंना! पाऊस उघडला तरी एकाच ठिकाणची ओल हटत नसेल, तर यंत्र चार दिवस बंद ठेवून पाहा.

नळीला फुटामागे पाव इंच तरी उतार हवा. मध्ये झोल नको, टोक बादलीतल्या पाण्यात बुडालेले नको. पाणी भिंतीपासून चार-पाच फूट दूर, परसातल्या झाडाच्या आळ्यात न्यावे. शेवाळाने नळी तुंबली तर पाणी उलटे खोलीत गळते, म्हणून मृगाआधी ती धुऊन घ्यावी. मिस्त्री घरात असतानाच यंत्राच्या तळच्या पन्हळीत लोटाभर पाणी ओतायला लावा आणि ते कुठे पडते ते बाहेर उभे राहून पाहा. पैसे त्यानंतर द्यावेत.

हे पाणी सडा-सारवणाला, फरशी पुसायला चालते. पिण्यास मात्र घेऊ नये. फुकटचे डिस्टिल्ड वॉटर समजून कोणी इन्व्हर्टरच्या बॅटरीत ओततात, तेही करू नये. त्यात नळ्यांवरची धूळ उतरलेली असते.