लहान कंत्राटदार आणि आपल्या अटी

सियालदहचे भुयारी मेट्रो स्थानक जुलै 2022 मध्ये सुरू झाले. बोगदे खणणारी यंत्रे आणि प्रचंड भांडवल लागणारे असे काम लहान कंत्राटदाराला झेपणार नाही, हे उघड आहे. परंतु त्याच परिसरात, जमिनीवर, फलाटाची फरशी, गटारे, कर्मचाऱ्यांच्या निवासस्थानांची डागडुजी ही कामे सतत निघतात. अशी कामे स्थानिक लहान व्यावसायिकाकडे जाणे हिताचे असते. कोणत्याही खात्यात त्याला दारातच अडवू शकतात त्या आपल्या अटी.

केंद्रीय दक्षता आयोगाने डिसेंबर 2002 मध्ये निकष सुचवले : मागील 7 वर्षांत अंदाजित खर्चाच्या 40 टक्के किमतीची 3, 50 टक्क्यांची 2 किंवा 80 टक्क्यांचे 1 तत्सम काम पूर्ण केलेले असावे. निकष वाजवी आहेत. दोष उद्भवतो तो कामे एकत्र केल्यावर. 80 लाखांच्या कामासाठी 32 लाखांची 3 कामे पुरतात. अशी 5 कामे जोडून 4 कोटींची एकच निविदा काढली, की 1 कोटी 60 लाखांची 3 कामे दाखवावी लागतात. काम तेच, गवंडी तेच. मात्र काल पात्र असलेला माणूस आज अपात्र ठरतो.

महाराष्ट्रातील एका कार्यालयात असताना अशी एक फाईल माझ्याही सहीने पुढे गेली. एक निविदा, एक करार, कमी आक्षेप. सारे सोयीचे होते. पुढे पाहणीस गेलो, तेव्हा पूर्वीचाच कंत्राटदार तेथे राबत होता, उपकंत्राटदार म्हणून, कमी दराने. "साहेब, काम माझंच, करार दुसऱ्याचा," एवढेच तो म्हणाला. दोन दरांतील फरक सरकारी तिजोरीतून गेला होता.

वरिष्ठांची मंजुरी टाळण्यासाठी कामाचे तुकडे पाडू नयेत, हा नियम योग्यच आहे. मुळात वेगळी असलेली कामे जोडा, असे तो सांगत नाही. 2012 च्या खरेदी धोरणातील लहान उद्योगांचा हिस्सा, जो आज 25 टक्के आहे, तो वस्तू व सेवांपुरता आहे. बांधकामाची कंत्राटे त्याबाहेर आहेत. ऑक्टोबर 2021 मध्ये वित्त मंत्रालयाने चालू देयकाची किमान 75 टक्के रक्कम 10 कामकाजाच्या दिवसांत देण्याची सूचना केली. ती पाळणे आपल्याच हाती आहे.

माझे म्हणणे एवढेच, की कामे एकत्र करणाऱ्या प्रत्येक फाईलवर "यामुळे स्पर्धेतून कोण बाद होईल?" या प्रश्नाचे लेखी उत्तर असावे. माझ्या फाईलवर तो प्रश्न नव्हता, आणि मीही तो विचारला नाही.