कोड एआयने लिहिला की माणसाने? ओळखणं इतकं अवघड का?

कोड किंवा वेबसाइटवरचा मजकूर एआयचा आहे का, हे खात्रीने सांगणारं टूल आज नाही. ओपनएआयने जानेवारी २०२३ मध्ये मजकूर तपासणारं टूल आणलं. कंपनीच्याच चाचणीत त्याने एआयचा फक्त २६ टक्के मजकूर ओळखला, वर माणसांचा ९ टक्के मजकूर एआयचा ठरवला. सहा महिन्यांत ते बंद झालं.

स्टॅनफर्डच्या अभ्यासात तर अशा सात टूल्सनी इंग्रजी मातृभाषा नसलेल्यांचे सरासरी ६१ टक्के निबंध एआयचे ठरवले. म्हणजे आधी संशय आपल्यासारख्यांवरच!

कोडमध्ये पेच वाढतो. साधा लूप कोणीही लिहिला तरी सारखाच दिसतो. काही एआय टूल्स कमिटमध्ये स्वतःचं नाव टाकतात, पण ती ओळ सहज काढता येते. जेंटू लिनक्सने एप्रिल २०२४ मध्ये एआय कोडवर बंदी घातली; तिथेही भिस्त कोड पाठवणाऱ्याच्या शब्दावरच.