कमी सांगण्याची रीत

एप्रिल १९५१ मध्ये कोरियातील इमजिन नदीकाठी ब्रिटिशांच्या २९व्या ब्रिगेडवर चिनी फौजा तुटून पडल्या होत्या. ग्लॉस्टरशायर रेजिमेंटची एक बटालियन टेकडीवर वेढली गेली. ब्रिगेडियर टॉम ब्रोडी यांनी अमेरिकी वरिष्ठांना परिस्थिती ‘जराशी बिकट’ असल्याचे कळवले, असे या लढाईच्या वृत्तांतांत सांगितले जाते. इंग्रज अधिकाऱ्याला यातून संकट कळले असते. अमेरिकी वरिष्ठांना वाटले, तग धरता येईल. सहाशेहून अधिक सैनिकांपैकी मोजकेच निसटले, बहुतेक कैद झाले. पराभवाची कारणे अनेक होती. संदेशाचा चुकलेला अर्थ हे त्यांपैकी एक मानले जाते.

या रीतीला ‘अंडरस्टेटमेंट’, म्हणजे मुद्दाम कमी करून सांगणे, म्हणतात. ब्रिटिश विनोदाचा हा पाया आहे. १९८२ मध्ये ज्वालामुखीच्या राखेमुळे ब्रिटिश एअरवेजच्या विमानाची चारही इंजिने बंद पडली, तेव्हा कॅप्टन एरिक मूडी यांनी प्रवाशांना ‘छोटीशी अडचण’ आल्याचे सांगितले. तिथे याच रीतीने धीर दिला.

हे घडते कसे? तत्त्वज्ञ पॉल ग्राइस यांनी १९७५ च्या निबंधात याचा उलगडा केला. बोलणारा आपल्याला काही कळावे म्हणूनच बोलतो, हे ऐकणारा गृहीत धरतो. शब्द प्रसंगाशी जुळले नाहीत, की तो दुसरा अर्थ शोधतो. त्यासाठी प्रसंगाचे गांभीर्य आणि तिथल्या माणसांची नेहमीची बोलण्याची पद्धत, दोन्ही ठाऊक असावी लागतात. नवागताकडे बहुधा दुसरी गोष्ट नसते. इंग्रजीच्या परीक्षेत उत्तम गुण मिळवूनही ती हाती येत नाही.

ब्रिटनमध्ये जाणारे मराठी डॉक्टर, परिचारिका, विद्यार्थी तिरकस बोलण्याला अनोळखी नसतात. पुणेरी पाट्या वाचत वाढलेल्यांना तर नाहीच नाही. पण आपला खोचकपणा बहुधा समोरच्याकडे रोखलेला असतो. इंग्रज माणूस पुष्कळदा स्वतःलाच कमी लेखतो. ‘मला यातले थोडेफार कळते’ असे म्हणणारा त्या विषयातला नामवंत तज्ज्ञ असू शकतो. त्याचे म्हणणे शब्दशः घेऊन नवागताने आपल्या पदव्या सांगितल्या, तर तो बढाईखोर ठरतो. प्रत्यक्षात तो फक्त प्रामाणिक उत्तर देत असतो.

‘बँटर’, म्हणजे सहकाऱ्यांमधली परस्पर थट्टा, अनेकदा आपलेपणाची खूण असते. मात्र प्रत्येक थट्टा तशी नसते. ब्रिटनचा २०१० चा समानता कायदा वंश, धर्म, लिंग अशा कारणांवरून होणारी छळवणूक ठरवताना हेतूइतकाच परिणामही पाहतो. त्यामुळे ‘गंमत केली’ एवढ्यावर सुटका होत नाही.

स्थानिक विनोद समजून घेणे नवागताच्या हिताचेच आहे. पण सारा भार त्याच्यावर टाकणे आम्हाला अन्यायाचे वाटते. रुग्णाची प्रकृती किंवा यंत्रातला बिघाड सांगताना स्पष्ट बोलणे हे तिथे आधीपासून असलेल्यांचे कर्तव्य आहे. आणि तिकडे निघालेल्यांनी ‘नेमके किती गंभीर आहे?’ हा प्रश्न संकोच न करता विचारावा. त्यात काहीही कमीपणा नाही.