दप्तर कोणाच्या घरी? सातारा-सांगलीच्या लहान व्यवसायांसाठी एक धागा

१/
मिरजेच्या वासुदेवशास्त्री खरे यांना पटवर्धनांची दप्तरे अभ्यासावयास मिळाली, म्हणून 'ऐतिहासिक लेखसंग्रह' उभा राहिला. साताऱ्यात द. ब. पारसनीसांनी आयुष्यभर जुने कागद जमवले. दोघांच्याही हाती इतिहास आला तो एकाच कारणाने: ते कागद कोणाच्या तरी घरी शिल्लक होते. आजचा धागा याच सूत्रावर आहे; विषय मात्र आजच्या बाजारपेठेतला.

२/
सांगलीचा हळद-बेदाण्याचा व्यापारी, साताऱ्याचा कंदी पेढेवाला, कास-महाबळेश्वरकडे पर्यटकांना खोल्या देणारा; अशा अनेकांची आता संकेतस्थळे आहेत. तेथे किती लोक आले, कोठून आले, काय पाहून परतले, याची नोंद ठेवणाऱ्या प्रणालीस वेब अॅनालिटिक्स म्हणतात. ती निवडावी कशी? माझे मत आरंभीच सांगतो: दप्तर कोणाच्या घरी राहणार, हा पहिला प्रश्न. फुकट की विकत, हा त्यानंतरचा.

३/
थोडा पूर्वेतिहास. संकेतस्थळ ज्या सर्व्हरवर असते, तो सर्व्हर आलेल्या प्रत्येक मागणीची एक ओळ आपल्या नोंदवहीत लिहितो. 'एडब्ल्यूस्टॅट्स'सारखी जुनी साधने हीच वही वाचून तक्ते काढीत. वही आपली, तक्ता आपला. पुढे पानात एक लहानसा कोड ठेवून नोंद थेट दूरच्या कंपनीकडे पाठवण्याची रीत रूढ झाली.

४/
२००५ साली गुगलने 'अर्चिन' ही कंपनी विकत घेतली आणि त्याच वर्षी गुगल अॅनालिटिक्स विनामूल्य खुले केले. जाहिरातींच्या दुव्यांमागे आजही दिसणाऱ्या 'यूटीएम' या अक्षरांतील 'यू' म्हणजे अर्चिनच. सल्तनती गेल्या, तरी 'दप्तर' आणि 'हिशेब' मराठीत राहिले. त्यातलाच हा प्रकार.

५/
या फुकट दप्तराची दुसरी बाजू २०२३ मध्ये दिसली. १ जुलै २०२३ रोजी गुगलने आपल्या जुन्या 'युनिव्हर्सल अॅनालिटिक्स'ची नोंदणी थांबवली. जुलै २०२४ पासून जुना तपशील पाहण्याची वाटही बंद झाली. नव्या 'अॅनालिटिक्स ४'ची रचना वेगळी असल्याने जुन्या नोंदी तिकडे नेता आल्या नाहीत. मार्च २०२२ मध्येच सूचना दिली होती, हे खरे. पण ज्याने एकदा कोणाकडून तरी कोड बसवून घेतला आणि पुन्हा तिकडे पाहिले नाही, त्याच्या दुकानाचा कित्येक वर्षांचा वृत्तान्त पुसला गेला.

६/
सांगलीजवळच्या हरिपूरची पेवे आठवा. जमिनीखाली खोल खणलेल्या या कोठारांत हळद वर्षानुवर्षे टिकत असे. २००५ च्या महापुरात त्याच पेवांत पाणी शिरले. पेवाची युक्ती खोटी नव्हती. परंतु सगळा माल एकाच पेवात ठेवणाऱ्याला पुराच्या दिवशी दुसरा आधार उरत नाही.

७/
आज समोर असलेले मुख्य मार्ग तीन. गुगल अॅनालिटिक्स ४: विनामूल्य, विस्तृत, गुगलच्या जाहिरातींशी जोडलेले, पण शिकायला अवघड. मॅटोमो, पूर्वीचे पिविक: मुक्त प्रणाली, स्वतःच्या सर्व्हरवर विनामूल्य बसवता येते आणि नोंदी आपल्याकडेच राहतात. प्लॉजिबल: हलके, कुकीविरहित, एका पानात सारे सांगणारे, मात्र त्यांच्या सर्व्हरवर वापरायचे तर वर्गणी भरावी लागते.

८/
मुदतीकडेही पाहा. अॅनालिटिक्स ४ च्या विनामूल्य आवृत्तीत भेटींचा बारीक तपशील जास्तीत जास्त १४ महिने राहतो, आणि आपण बदल केला नाही तर केवळ दोन. ढोबळ अहवाल उरतात. पण कासच्या फुलांचे तीन हंगाम बारकाईने ताडून पाहू इच्छिणाऱ्यास ते पुरेसे नाहीत. हंगामी धंद्याला स्मरण लांब लागते.

९/
यावर कोणी म्हणेल: स्वतःचा सर्व्हर सांभाळणार कोण? आक्षेप रास्त आहे. घरच्या दप्तरालाही वाळवी लागते. मॅटोमो वेळोवेळी अद्ययावत केले नाही आणि त्याची प्रत दुसरीकडे ठेवली नाही, तर तेही बुडते. ज्याच्याकडे असे काम करणारा माणूस नाही, त्याने हा मार्ग हौसेने धरू नये.

१०/
गिऱ्हाइकाचाही विचार हवा. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याचा रोख स्पष्ट आहे: हेतू सांगा, संमती घ्या, गरजेपुरतीच माहिती घ्या. पेढे विकणाऱ्यास पाहुण्याचा सारा माग काढण्याचे प्रयोजन नाही. जितके कमी गोळा कराल, तितके कमी जपावे लागेल.

११/
आणि आकड्यांची मर्यादा? १९१० साली औंधच्या पंतप्रतिनिधींनी दिलेल्या जागेवर लक्ष्मणराव किर्लोस्करांनी कुंडलजवळच्या माळावर कारखाना उभारला. त्यांच्या लोखंडी नांगराला आरंभी गिऱ्हाईक मिळेना. लोखंडाने जमीन नासते, अशी शेतकऱ्यांची धारणा होती. नांगर किती जणांनी पाहिला, हे मोजून ती भीती कळली नसती. ती शेतकऱ्याशी बोलूनच कळते. यंत्र 'किती' ते सांगेल; 'का' हे विचारावेच लागेल.

१२/
म्हणून माझा सल्ला. आधी तीन-चार प्रश्न कागदावर लिहा: लोक कोठून येतात, कोणते पान पाहतात, फोन किंवा व्हॉट्सअॅपच्या बटणावर किती जण बोट ठेवतात? आपल्याकडे बहुतेक मागण्या तेथूनच येतात, म्हणून त्या बटणाची मोजणी वेगळी लावून घ्या. थोडा खर्च झेपत असेल, तर लहान, कुकीविरहित प्रणाली घ्या. झेपत नसेल, तर गुगलची खुशाल वापरा.

१३/
मात्र प्रणाली कोणतीही असो, खाते व्यवसायाच्या स्वतःच्या ईमेलवर असावे. संकेतस्थळ बनवून देणाऱ्याच्या नव्हे. आणि दर महिन्याच्या अखेरीस मुख्य आकडे साध्या तक्त्यात उतरवून आपल्या संगणकावर ठेवावेत. अर्ध्या तासाचे काम आहे. उद्या ती कंपनी राहो वा न राहो, तुमच्या दुकानाची बखर तुमच्याच घरी सापडेल.